बोटाने बावा काढू: ड्रॉइंग अ‍ॅपची पहिली चार टूल्स

आजच्या भागाचा हा लेखी उतारा. वाचताना अ‍ॅप उघडून ठेवा. मी इबिस पेंट एक्स धरून बोलतोय, कारण ते साध्या अँड्रॉइडवर फुकट मिळतं. पेन नसला तरी चालेल, बोट पुरे.

काढायचं काय? यूट्यूबवर अ‍ॅनिमेचे डोळे शिकवणारे ढिगाने आहेत. आपण मात्र अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीतला बावा काढू. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरू. हा बावा आपण नंदुरबारवाल्यांनी नाही काढला, तर कोण काढणार?

सुरुवातीला कॅनव्हास. पोस्टर छापायचं असेल तर ए-फोर, ३०० डीपीआय, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. आता माझ्यातला इंजिनिअर बोलतो: एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एक लेअर साधारण ३५ एमबी. दहा लेअर केले की ३५० एमबी. म्हणून कमी रॅमच्या फोनवर अ‍ॅप अडखळतं. नुसतं स्टेटसला टाकायचं असेल तर १०८० गुणिले १९२० भरपूर झालं. पण हे आधीच ठरवा. लहान चित्र नंतर ताणून मोठं केलं की धूसर दिसतं.

पहिलं टूल ब्रश. त्यात दोन गोष्टी बघायच्या: जाडी आणि ओपॅसिटी, म्हणजे रंग किती गडद उमटतो ते. बोटाची रेघ थरथरते, त्यासाठी स्टॅबिलायझर असतो. बोट जिथून जिथून गेलं त्या बिंदूंवरून तो एक गुळगुळीत वाट काढतो. म्हणूनच तो जास्त ठेवला की रेघ बोटाच्या मागे रेंगाळते. मोरपिसाच्या लांब दांडीला जास्त ठेवा, घुंगरांना कमी. आणि बोटाखाली काही दिसत नसेल तर दोन बोटांनी झूम करा.

दुसरं लेअर. एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर समजा. खाली रंग, वर बाह्यरेषा. रंग बिघडला तर फक्त तोच लेअर पुसायचा, रेषेला धक्का लागत नाही.

तिसरं बकेट. अंगाच्या आत टॅप केलं आणि अख्खा कॅनव्हास तपकिरी झाला? अ‍ॅप बिघडलेलं नाही. बकेट शेजारचा पिक्सेल त्याच रंगाचा आहे का बघत पुढे सरकते आणि रेघ लागली की थांबते. रेघेत बारीकशी फट असली की रंग बाहेर सांडतो, शेताच्या फुटलेल्या बांधातून पाणी जावं तसा. उलटा बाण दाबा, झूम करा, फट बुजवा, पुन्हा टॅप करा.

चौथं क्लिपिंग, माझं लाडकं. अंगाच्या रंगाच्या लगेच वर नवा लेअर घ्या आणि त्याला क्लिपिंग लावा. आता पांढरे ठिपके बिनधास्त मारा. खालच्या लेअरवर जिथे रंग आहे तेवढ्याच भागात ते दिसतील, अंगाबाहेर एकही जाणार नाही.

आता महत्त्वाचं. बावाचा वेश म्हणजे फॅन्सी ड्रेस नाही. त्यामागे नवस असतो, पाळायचे नियम असतात. त्यामुळे इंटरनेटवरच्या एखाद्या फोटोवरून अंदाजाने दागिने जोडू नका. घरात, गावात होळीला जाऊन आलेलं कोणी असेलच. मोबाइल त्यांच्यासमोर धरा आणि विचारा, ‘हे बरोबर आहे का?’ ते म्हणतील, ‘भोपळे जरा खाली घे.’ तर खाली घ्या. लेअर वेगळा असला की दोन सेकंदांचं काम.

या आठवड्याचा होमवर्क: एक बावा, तीन लेअर: रंग, ठिपके, रेषा. सुंदर नाही आला तरी चालेल, पण ओळखू आला पाहिजे. भेटू पुढच्या भागात!