गवंड्याची मुखत्यारी आणि मानकांचा अंमल

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे 1990 साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाल्यानंतर गावाचे रूप पालटत गेले. तेथे काय किंवा अन्य वाढत्या गावांत काय, नव्या बहुमजली इमारतींचा भार आता काँक्रीटचे खांब आणि तुळया वाहतात, आणि त्यांच्यामधील विटांची भिंत केवळ आडोशापुरती उरते. गांधीजी 1936 साली जवळच्याच सेगावास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, राहावयास गेले, तेव्हा माती, बांबू आणि कवेलूंची जी घरे उभी राहिली, त्यांत कारागिराचा अनुभव हाच आधार होता. पाया किती खोल घ्यावा आणि भिंत किती जाड असावी, हे ठरविण्याची मुखत्यारी त्या काळी बहुधा गवंड्याकडेच असे.

ती मुखत्यारी हळूहळू मानकांकडे गेली. काँक्रीटविषयक भारतीय मानक 456 हे 1953 साली निघाले, 1970 मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता आली, आणि भारवाही भिंतींच्या मानक क्रमांक 1905 मध्ये, त्याच्या 1987 च्या आवृत्तीनुसार, सिमेंटच्या मसाल्यातील भिंतीची हिशेबी उंची तिच्या हिशेबी जाडीच्या 27 पटींहून अधिक नसावी, अशी तरतूद आहे. जो अंदाज उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई, तो आता कागदावर पडताळता येऊ लागला. गवंडी मात्र नकाशाबरहुकूम काम करणारा मजूर ठरू लागला.

परंतु केवळ परंपरेवर विसंबणेही किती घातक असते, हे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखविले. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या दगडी भिंती चांगल्या जाड होत्या. पण त्यांचे आतील व बाहेरील थर एकमेकांत गुंतलेले नव्हते, मसाला मातीचा होता आणि माथ्यावर माळवदाचे ओझे होते. हजारो माणसे त्याखाली गाडली गेली. अशा भिंतींविषयीचे मानक 13828 त्याच वर्षीचे आहे. दर 60 सेंटिमीटर उंचीस, आडवे 1.2 मीटरहून अधिक अंतर न ठेवता, भिंतीच्या आरपार जाणारा दगड बसवावा, असे ते सांगते.

हा आरपार दगड जाणत्या गवंड्याला नवा नव्हता. मानकाने त्याला लेखी रूप आणि मोजमाप दिले, इतकेच. मात्र भिंत पुरी झाल्यावर तो खरोखर आरपार आहे की नुसता तोंडाशी बसविला आहे, हे बाहेरून कळणे कठीण असते. म्हणून निर्णयाचा अधिकार गेला, तरी गवंड्याची जबाबदारी वाढलीच आहे. घर बांधणाऱ्याने अभियंत्याचा नकाशा अवश्य घ्यावा. पण काम सुरू होण्यापूर्वी अभियंता आणि गवंडी यांना त्या नकाशासमोर एकत्र बसवावे, आणि भिंतीचे थर चढत असतानाच ते तपासून घ्यावेत.