जमिनीला टेकणारी पिकअप

आपाने तातडीने बोलावले, तेव्हा आम्हाला वाटले घरात काहीतरी बिनसले असेल. बिनसले होते ते पिकअपवरून. दुल्हाभाईंची पिकअप रोज पहाटे भाजी घेऊन मार्केटला जाते. घराची रोजी-रोटी तिच्यावर. भाचा ग्रिल-गेटच्या कारखान्यात वेल्डिंग शिकलेला. मोबाइलवर त्याने अमेरिकेतल्या पिकअप पाहिल्या. बटण दाबले की फुस्स आवाज होऊन गाडी पोटावर बसते, पुन्हा दाबले की उठून चालू लागते.

"मामू, यातले सगळे पार्ट मी हाताने बनवू शकतो," तो म्हणाला.

"याला समजाव रे," आपा म्हणाली. "अब्बाची गाडी कापायला निघालाय."

समजावण्याआधी आपण समजून घ्यावे, म्हणून आम्ही त्याच्याजवळ बसलो.

हा शौक मूळचा कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिस व आसपासच्या मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तो वाढवला. डिकीत वाळूची पोती ठेवून किंवा स्प्रिंग कापून ते जुन्या गाड्या खाली बसवत. 1958 साली तिथे कायदा लागू झाला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. दुसऱ्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने वडिलांच्या मदतीने विमानातले जुने हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसवले. रस्त्यावर गाडी उंच, उभी केली की खाली! पुढे पिकअपवाल्यांनी तेलाच्या जागी हवा आणली. खाली बसवलेल्या गाड्यांवरचा तो निर्बंध कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून उठवला.

हवेची ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही. मुंबई-पुणे शिवनेरीने जाणाऱ्यांनी ती अनुभवली आहे. त्या बसचे वजन पाट्यांवर नसते, जाड रबराच्या हवा भरलेल्या फुग्यांवर असते. पिकअपमध्ये तेच छोट्या आकारात करतात. बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, वॉल्व्ह उघडला की ती फुग्यात जाते आणि गाडी उचलली जाते. टाकीत दर चौरस इंचाला दीडशे पौंड किंवा त्याहून जास्त दाब असतो. कारच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड असतो, यावरून अंदाज यावा.

फुगे, टाकी, कॉम्प्रेसर विकत मिळतात. खरे काम त्यानंतरचे, आणि ते हातानेच करावे लागते. पाटे फक्त वजन पेलत नाहीत, मागचा एक्सल जागेवर धरूनही ठेवतात. पाटे काढले की एक्सल मोकळा होतो. त्याला पुढे-मागे आणि आडवे धरायला चार दांड्या बनवाव्या लागतात. गाडी खाली आली की एक्सल चॅसीला धडकतो, म्हणून तिथे चॅसी अर्धगोल कापून भोवती जाड पट्टी वेल्ड करतात. तिथले जाणकार आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात, तो बसला तरच लोखंडाला हात लावतात. पहिल्यांदा नुसते टाके मारतात, गाडी खालीवर करून बघतात, मगच पूर्ण वेल्डिंग करतात. फुगा कुठेही घासू नये, ब्रेकची नळी ताणली जाऊ नये, गाडीच्या प्रत्येक उंचीवर शाफ्टचा कोन बरोबर राहावा, हे सगळे तपासतात. हवा गळते का, ते साबणाच्या पाण्याने पाहतात, आपण गॅसच्या नळीचे पाहतो तसेच. टाकीत साचलेले पाणीही अधूनमधून काढून टाकावे लागते.

एवढे ऐकल्यावर आम्ही भाच्याला एकच प्रश्न विचारला, "तुझा टाका आतून किती पक्का आहे?"

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून लोखंडाचा एक तुकडा घेऊन आला. स्वतः जोडलेले दोन तुकडे त्याने मधोमध कापून पाहिले होते. वरून वेल्डिंग सुरेख, पण आत केसाएवढी फट होती. "मामू, गेटला हे चालून गेलं असतं," तो हळूच म्हणाला. गेट पडले तर एका जागी पडते. चॅसीचा टाका सुटला, तर रस्त्यावर कोणाचाही मुलगा असू शकतो.

कायद्याची बाजूही आम्ही त्याला सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मालक म्हणजे दुल्हाभाई. शिवाय पोटाशी आलेली गाडी आपल्या स्पीडब्रेकरवरून पार कशी होणार, आणि कापलेली चॅसी रोज भाजीच्या गोण्यांचा भार किती दिवस सोसणार?

पण आपालाही आम्ही एक गोष्ट सांगितली. मुलगा गाडी कापायला निघाला होता हे खरे, पण स्वतःचा टाका कापून त्यातला दोष मामूला दाखवायलाही धाडस लागते. अशा हाताला नुसते "नको" म्हणून बसवून ठेवू नये. त्याला नीट शिकवणारा उस्ताद मिळाला पाहिजे, आयटीआयची वाटही आहे.

दुल्हाभाई इतका वेळ गप्प होते. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "मागच्या फाळक्याची बिजागरी महिन्यापासून तुटलीय. दोरीने बांधून नेतो. आधी ती करून दे."

भाच्याने उठून पुठ्ठा शोधला आणि साचा कापायला बसला.