पावणेचार हजार टनांतला एक ग्रॅम

चंद्रपुरात कोळशाबद्दल मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. धूळ, डंपर, थर्मलच्या चिमण्या, मे महिन्यातला ४७ अंशांचा पारा, सगळ्याचं खापर कोळशावर फुटतं आणि त्यातलं बरंचसं रास्तही आहे. पण एका किलो कोळशात उष्णता किती, हे कोण आणि कसं ठरवतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मशीन सांगत असेल. मी नोकरीची सगळी वर्षं कोळशाच्या प्रयोगशाळेत काढली. मशीन सांगतं ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. त्याच्या पोटात आपण काय घातलं, याची जबाबदारी मात्र ते घेत नाही.

या मशीनचं नाव बॉम्ब कॅलरीमीटर. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञाने ते घडवलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. जाड पोलादी भांडं. त्यात छोट्या मुशीत एक ग्रॅम कोळशाची पूड, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली. पुडीला टेकलेला सुती दोरा, दोऱ्याला बांधलेली निक्रोमची तार. झाकण घट्ट लावायचं आणि आत ऑक्सिजन भरायचा, वातावरणाच्या दाबाच्या पंचवीस-तीस पट. मग ते भांडं पाण्यात बुडवायचं, पाण्याचं तापमान स्थिरावलं की बटण दाबायचं. तार लाल होते, दोरा पेटतो, कोळसा क्षणात जळून जातो. बाहेर ना आवाज, ना धूर. पाणी तेवढं थोडं तापतं.

पाणी किती तापलं म्हणजे किती कॅलरी, हे आधी बेंझोइक आम्ल जाळून ठरवून ठेवलेलं असतं. एक ग्रॅम शुद्ध बेंझोइक आम्ल जगात कुठेही जाळा, ६,३१८ कॅलरीच देणार. मी ज्या मशीनवर काम केलं त्याला एक अंश चढायला साधारण २,४०० कॅलरी लागत. म्हणजे आपल्याकडच्या बेताच्या कोळशाने पाणी पावणेदोन अंश चढतं, बस. आणि या पावणेदोन अंशांवर रेल्वेच्या एका रेकचे पैसे ठरतात.

२०१२ पासून देशातला कोळसा जीसीव्हीवर, म्हणजे पूर्ण जाळल्यावर निघणाऱ्या एकूण उष्णतेवर, विकला जातो. किलोला ७,००० किलोकॅलरीच्या वरचा तो जी-१, तिथून दर ३०० ला एक पायरी खाली, असं करत २,२०० पर्यंत जी-१७. आमच्या मशीनवर ३०० किलोकॅलरी म्हणजे पाण्याच्या तापमानात एका अंशाचा आठवा हिस्सा. तेवढ्यात ग्रेड बदलते, ग्रेडबरोबर भाव बदलतो, आणि दोन कार्यालयांमध्ये पत्रव्यवहार सुरू होतो.

त्याआधी यूएचव्ही, म्हणजे उपयुक्त उष्णतामूल्य, होतं. राख आणि ओलावा यांची टक्केवारी मिळवायची, १३८ ने गुणायची, ८,९०० मधून वजा करायची. कोळसा जाळून उष्णता मोजायची गरजच नाही. नवीन मुलं या सूत्राला हसतात. मला ते वाटतं तितकं वाईट वाटत नाही. साऱ्या देशाच्या कोळशाला एकच समीकरण लावणं ढोबळ होतं हे खरं, पण जुन्या ग्रेडचे पट्टेही तसेच रुंद होते. ‘एफ’ ग्रेड २,४०० पासून ३,३६० पर्यंत पसरलेली. नमुना घेण्यातली थोडीफार चूक त्या रुंदीत मुरून जायची. पट्टे अरुंद झाले आणि चूक उघडी पडू लागली.

चूक होते ती प्रयोगशाळेच्या बाहेर, सायडिंगवर. एका रेकमध्ये ५८-५९ वॅगन, मिळून साधारण पावणेचार हजार टन कोळसा. ग्रॅममध्ये सांगायचं तर ३७५ कोटी. त्यातला एक ग्रॅम आम्ही जाळणार. सगळे डबे तपासणं शक्य नसतं, म्हणून काही डबे निवडायचे. वरचा थर बाजूला करायचा, कारण वरच्या थराला ऊन लागलेलं असतं, पाऊस लागलेला असतो आणि कधी कधी माणसाचा हातही लागलेला असतो. सॅम्पलिंगचे एक जुने काका होते. मी नवी असताना डब्यावर चढून वरचाच कोळसा फावड्याने भरायला लागले, तर खालून म्हणाले, “मॅडम, वरचा नका घेऊ. वरचा दाखवाचा असते. खालचा घ्या.” पुढे मोजमापाची मोठाली मानकं वाचली, पण गाभा एवढाच निघाला.

असा गोळा केलेला माल मग फोडायचा, ढीग शंकूसारखा रचायचा, माथा दाबून चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. पुन्हा फोडायचं, पुन्हा शंकू, पुन्हा चार. कंटाळवाणं काम आहे, आणि सगळी गंमत इथेच घडते. आपल्या कोळशात शेलचे, म्हणजे काळ्या दगडी मातीचे पट्टे असतात. शेल जड आणि चिवट, कोळसा ठिसूळ. फोडताना कोळशाची आधी पूड होते, शेलचे खडे राहतात. शंकू रचताना खडे घरंगळून पायथ्याशी जातात, पूड माथ्यावर बसते. रचणाऱ्याने फावडं बरोबर टोकावर रिकामं केलं नाही, थोडं एका बाजूला कललं, तर एका चतकोरात राख जास्त, दुसऱ्यात कमी. फसवायचा हेतू कुणाचाच नसतो, तरी आकडा हलतो. आता ठिकठिकाणी यंत्राचे ऑगर आलेत, गाडीतल्या कोळशात वरून खोल भोक पाडून नमुना उचलतात. ते चांगलंच झालं. पुढचं फोडणं आणि वाटणं तरीही कुणाला तरी नीट करावंच लागतं.

जमिनीखालच्या कोळशाचंही असंच आहे, फक्त प्रमाण वेगळं. वर्धा खोऱ्याच्या कोळशावर ह्यूज यांचा अहवाल १८७७ चा. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणासाठी ते या भागात फिरत होते, आणि वरोऱ्याची खाण त्याच दशकातली. ज्या खडकांत हा कोळसा आहे त्यांना गोंडवन हे नाव मेडलिकॉट यांनी दिलं, १८७२ च्या सुमारास. गोंड राजांचा मुलुख असा जगभरच्या भूगोलाच्या पुस्तकांत जाऊन बसला. आज इथला साठा काढतात तो बोअरहोलवरून. काही सेंटिमीटर जाडीची कांडी जमिनीतून वर येते. तिच्यावरून आजूबाजूच्या २०० मीटरच्या आतला कोळसा ‘प्रूव्ह्ड’ धरायचा, अशी भारतातली १९५०च्या दशकापासूनची रीत. बोअरहोल किलोमीटर-दोन किलोमीटर अंतरावर असले तर ‘इंडिकेटेड’, त्याहून विरळ असले तर ‘इन्फर्ड’. मधली जागा नकाशात रेघा ओढून भरतात, हल्ली संगणक भरतो. वर्तमानपत्रात ‘इतके कोटी टन साठा’ वाचलं की मी आधी बघते, या तिन्हींपैकी नेमका कुठला, की तिघांची बेरीज.

इथवर जागेची गोष्ट झाली. काळाची याहून किचकट आहे, कारण कोळसा जमिनीखाली जसा होता तसा वर आल्यावर राहत नाही.

पहिला बदल पाण्याचा. प्रयोगशाळेत नमुना ४० अंशांवर, ६० टक्के आर्द्रतेत ठेवतात, म्हणजे सगळीकडचा कोळसा एकाच हवेत तोलला जावा. समजा त्या अवस्थेत ओलावा ८ टक्के आणि उष्णता ४,४०० निघाली. हा जी-१०. तोच कोळसा जुलैत भिजून इथल्याच दुर्गापूरच्या थर्मलला पोचला तेव्हा ओलावा १६ टक्के होता असं धरा. आता एक किलोत कोळसाच कमी, पाणी जास्त. हिशोब ४,०१७ वर येतो. जी-११, तोही काठावर. कोळसा कुणी बदलला नाही, मशीन दोन्हीकडे चोख. विकणारा एका अवस्थेतला आकडा सांगतो, जाळणारा दुसऱ्या. बाहेरच्या माणसाला यात घोटाळा दिसतो. कुठे कुठे तो असतोही, पण बऱ्याच वेळा नुसता पाऊस असतो.

दुसरा बदल हवेचा, आणि मला विचाराल तर साऱ्या विषयातला हाच भाग मोलाचा. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो. पेटल्यावर नव्हे, साध्या तापमानाला, नुसता पडल्या पडल्या. त्याच्या बारीक छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटतो, संयुगं बनतात, मोडतात, थोडा कार्बन डायऑक्साइड, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि वाफ बाहेर पडते. प्रत्येक पायरीला थोडी उष्णता सुटते. वाऱ्याने ती निघून गेली तर काही बिघडत नाही. अडकली तर तापमान वाढतं, तापमान वाढलं की क्रिया आणखी वेगाने होते. दर दहा अंशांना वेग जवळपास दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. वर्धा खोऱ्याचा कोळसा भूगर्भीय वयाने जुना असला तरी पुरता पिकलेला नाही. त्यात ओलावा आणि वायुरूप होणारे घटक जास्त, म्हणून तो चटकन तापणाऱ्यांतला.

ढीग रचताना मोठी ढेकळं घरंगळून पायथ्याशी जमतात, पूड वर राहते. ढेकळांच्या फटींतून हवा आत शिरते, पण पुडीतून उष्णता बाहेर निघत नाही. तापणं सुरू होतं ते पृष्ठभागापासून थोडं आत, जिथे हवा पुरेशी पोचते आणि वारा पोचत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रँक-कामेनेत्स्की यांनी १९३०च्या दशकात याचं गणित बसवलं. आत उष्णता निर्माण होण्याचा वेग आणि ती बाहेर झिरपण्याचा वेग यांचं प्रमाण त्यांनी मांडलं. ते प्रमाण ढिगाच्या मापाच्या वर्गाने वाढतं. ढिगाची उंची, रुंदी दुप्पट केली तर धोका चौपट. प्रमाणाने एक ठरावीक हद्द ओलांडली की ढिगाला स्थिर तापमान उरतच नाही, ते चढत जातं. म्हणून ढीग बुटके ठेवायचे, बुलडोझर फिरवून दाबायचे, आधी आलेला माल आधी उचलायचा. हे सगळं सगळ्यांना माहीत असतं. जागा कमी पडली की उंची वाढते.

लोकांना वाटतं, आग उन्हाळ्यात लागते आणि पावसाने विझते. पहिल्या पावसाची धास्ती मी जास्त पाहिली आहे. मेअखेर कोळसा कोरडा ठणठणीत झालेला असतो. त्यावर ओलसर हवा आली की तिच्यातलं पाणी शोषताना तो आणखी तापतो. कोळशात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं संयुग असेल तर त्याचंही ऑक्सिडेशन होतं, ते फुगतं, कोळशाला भेगा पाडतं, नवा पृष्ठभाग हवेला उघडा होतो. मृगाच्या सरींनंतर सकाळी ढिगाच्या कडेला वाफ दिसते, घासलेटासारखा वास येतो. “मॅडम, ढीग तापून राहिला,” असा निरोप आला की लोखंडी नळीतून थर्मामीटर आत सोडायचा. साठ-सत्तरच्या पुढे गेला असेल तर पाणी मारत बसायचं नाही, तो भाग उकरून पसरून टाकायचा.

भूमिगत खाणीत आत शिरून बघता येत नाही, तिथे हवेलाच विचारावं लागतं. बाहेर येणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती कमी झाला आणि कार्बन मोनॉक्साइड किती वाढला, यांचं गुणोत्तर काढतात. ग्रॅहम नावाच्या इंग्रज संशोधकाची ही युक्ती. समजा ऑक्सिजन ०.४ टक्के घटला आणि मोनॉक्साइड ०.००२ टक्के निघाला, तर शंभराने गुणून गुणोत्तर अर्धा टक्का. इथवर चालतं. एकाच्या वर गेलं की आत काहीतरी तापतंय, तीनच्या वर आग. पंखा वाढवला तर दोन्ही आकडे सारखेच विरळ होतात, गुणोत्तर मात्र तेच राहतं. नुसत्या मोनॉक्साइडचा आकडा पंख्याने फसवता येतो, हे गुणोत्तर सहसा फसत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत, एटापल्लीकडच्या सुरजागडच्या लोहखनिजाला यातलं काहीच होत नाही. हेमॅटाइट म्हणजे लोखंडाने पचवता येईल तेवढा ऑक्सिजन आधीच पचवलेला. त्याचा कितीही उंच ढीग करा, तो तापणार नाही. उलट घुग्घुसच्या स्पंज आयर्नच्या भट्टीत त्याच्यातला ऑक्सिजन काढून घ्यायला कोळसाच लागतो. आणखी दक्षिणेला, सिरोंचाजवळ वडधमला जुनी खोडं दगड होऊन पडलेली आहेत. आपल्या कोळशाच्या झाडांपेक्षा ती बरीच अलीकडची, डायनासोरांच्या काळातली. दलदलीत हवेपासून तुटलेलं लाकूड कोळसा होतं. वडधमच्या खोडांत सिलिका मुरलेलं पाणी शिरलं आणि लाकडाची जागा दगडाने घेतली. साल, वलयं ओळखू येतात. त्यातला एक ग्रॅम बॉम्बमध्ये जाळायला घेतला तर पाणी जागचं हलणार नाही.

हवेने तापलेला कोळसा पेटला नाही तरी नुकसान झालेलंच असतं. जो ऑक्सिजन त्याने आधी शोषला, तेवढं जळणं होऊन गेलं. तेवढ्या कॅलरी बॉयलरमध्ये मिळत नाहीत. महिना-दोन महिने यार्डात राहिलेल्या कोळशाची उष्णता खाणीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरली, तर त्यातला काही हिस्सा असा हवेने खाल्लेला असतो. किती, हे कोळशाच्या जातीवर, पुडीच्या प्रमाणावर आणि ढीग कसा रचला त्यावर. सरसकट आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका.

याची सगळ्यात अवघड जागा तिसऱ्या पिशवीत असते. नमुना वाटून सीलबंद करतात: एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, एक रेफरीचा. वाद झाला तर रेफरीचा नमुना उघडून तपासायचा आणि तो निकाल अखेरचा. पण ही पूड २१२ मायक्रॉनची, म्हणजे हवेला उघडा पृष्ठभाग ढेकळाच्या कितीतरी पट. पिशवीत थोडी जरी हवा राहिली तरी कपाटात पडल्या पडल्या पंच म्हातारा होत असतो, आणि वादाचा कागद फिरून यायला वेळ लागतोच. म्हणून पिशवी हाताने दाबून हवा काढून टाकायची, दुहेरी सील करायची, शक्य तिथे आत नायट्रोजन भरायचा. रेफरीचा आकडा बाकी दोघांपेक्षा थोडा खाली आला की लोक विजेता कोण ते विचारायचे. मी पिशवीवरची तारीख वाचायची.