हाड जुळल्यानंतरची वर्षं

जानेवारी 2022. कोलंबियाचा सायकलपटू एगान बर्नाल बोगोटाजवळच्या रस्त्यावर सराव करताना थांबलेल्या बसवर मागून आदळला. 2019 ची ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेल्या या तरुणाची मांडी, गुडघ्याची वाटी, मणके, बरगड्या मोडल्या. फुप्फुसालाही इजा झाली. ऑगस्टमध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला, पण युरोपातल्या मोठ्या शर्यतीचा टप्पा जिंकायला सप्टेंबर 2025 उजाडला.

साडेतीन वर्षं, आणि तीही उत्तम डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट हाताशी असताना!

हाड जुळलं, तरी मज्जातंतूंना घाई चालत नाही. तुटलेला तंतू दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. त्यामुळे दंडाच्या इजेनंतर बोटांत संवेदना यायला वर्षही लागतं, कधी ती पूर्ण येतच नाही. दंडाच्या अशाच इजेचं उदाहरण म्हणजे ‘यू टू’ या रॉक बँडचा गायक बोनो. तो नोव्हेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दुसऱ्या सायकलस्वाराला चुकवताना पडला. दंडाचं हाड सहा ठिकाणी मोडलं. धातूच्या पट्ट्या आणि 18 स्क्रू बसवावे लागले. पुन्हा कधी गिटार वाजवता येईल की नाही, ही शंका त्याने स्वतःच जाहीर केली.

फ्रॅक्चर सांध्यात गेलं असेल, तर काही वर्षांनी तिथे झीज होऊन संधिवात होऊ शकतो.

सर्वांत फसवा असतो तो डोक्याचा मार. स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही, तरी डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, झोपेच्या तक्रारी महिनोन्महिने रेंगाळू शकतात. घरच्यांना माणसाचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो आणि उपचार राहून जातात. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना अपघाताची तारीख आणि तेव्हापासूनच्या तक्रारी आवर्जून सांगाव्यात.