आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीचें तेल

मोटारीच्या इंजिनाचें तेल वेळच्या वेळीं बदलावें लागतें, हें ज्यांच्या घरीं मोटार आहे अशा वाचकांना सांगावयास नको. परंतु ज्या मोटारींत क्लच दाबावा लागत नाहीं व गिअर आपोआप पडतात, तींत इंजिनाच्या तेलाहून निराळें असें आणखी एक तेल असतें. आणि तें बदलावें कीं नाहीं, याविषयीं जाणत्या लोकांतहि एकवाक्यता आढळत नाहीं. आमच्या घरीं हा प्रश्न केवळ चर्चेपुरता राहिला नाहीं, म्हणून त्याविषयीं लिहीत आहों.

आमचे थोरले बंधु संधिवातामुळें डाव्या पायानें अधू झाले आहेत. क्लच दाबणें त्यांना अशक्य. म्हणून २०१६ सालीं आम्हीं अशी गाडी घेतली. महिन्यांतून दोनदां ते ती स्वतः चालवीत, खंबाटकीचा घाट चढून, पुण्याहून वाईस बहिणीकडे जातात. ज्यांना दुसऱ्याच्या सोयीनें बाहेर पडावें लागतें त्यांनाच या स्वातंत्र्याची किंमत कळेल. २०२४ च्या हिवाळ्यांत सकाळीं मागें घेतांना ही गाडी क्षणभर थबकूं लागली व मग धक्का देऊन हलूं लागली. नेहमींच्या गॅरेजमध्यें दाखविली, तेव्हां तेथील मुख्य कारागीर म्हणाला, "यांतलें तेल आयुष्यभराचें असतें. त्याला हात लावायचा नसतो." "कोणाच्या आयुष्यभराचें?" असें दादांनीं विचारलें. त्याचें उत्तर मिळालें नाहीं. नव्या गिअरबॉक्सचा आंकडा मात्र मिळाला, व तो ऐकून गाडी विकून टाकण्याची भाषा घरांत सुरू झाली.

त्या रात्रीं आम्हीं गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका प्रथमच नीट वाचली. घाटरस्ता, उष्ण हवा, शहरांतील थांबत-थांबत चालणें असा वापर असेल तर ६०,००० किलोमीटरांनीं हें तेल बदलावें, असें तींत स्पष्ट छापलेलें होतें. आमची गाडी ८२,००० किलोमीटर चालली होती.

हें तेल म्हणजे नुसतें वंगण नव्हे. समोरासमोर दोन विजेचे पंखे ठेवून एकच चालू केला तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. येथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. इंजिनाला जोडलेलें पातें तेल फेकतें, त्या लोंढ्यानें समोरचें पातें फिरतें, आणि त्यावर गाडी चालते. ही कल्पना हर्मन फॉटिंगर या जर्मन इंजिनियराची असून तिचें पेटंट १९०५ चें आहे. ती त्यानें जहाजांसाठीं काढली होती. मोटारींत ती घाऊक प्रमाणांत आली ती अमेरिकेंत, जनरल मोटर्सच्या 'हायड्रामॅटिक' यंत्रणेच्या रूपानें, १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत. याच तेलाच्या दाबानें आंतील चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात व गिअर पडतो; आणि तेथील उष्णताहि हेंच तेल वाहून नेतें. चकत्यांनीं एकमेकींस धरावें तर घट्ट, परंतु धरतांना धक्का बसूं नये, हा गुण तेलांत मुद्दाम मिसळलेल्या द्रव्यांमुळें येतो. पूर्वीं अमेरिकेंत यासाठीं स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल वापरीत. १९७० च्या सुमारास त्या देशानें त्याची आयात बंद केली, तेव्हां रसायनशास्त्रज्ञांना पर्यायी द्रव्यें शोधावीं लागलीं. आमच्या मोटारीच्या पोटांत एके काळीं देवमासा असता, हें ऐकून घरांतील मुलांची या विषयाकडे ओढ एकदम वाढली.

उष्णतेनें हीं द्रव्यें झिजतात, तेल काळवंडतें, आणि चकत्यांची बारीक पूड त्यांत मिसळते. घाट चढतांना ही उष्णता विशेष वाढते. तेव्हां आयुष्यभराच्या तेलाची गोष्ट आम्हांस तरी पटली नाहीं.

एका रविवारीं सकाळीं कामास लागलों. गाडी दहा मिनिटें फिरवून तेल कोमट केलें, सपाट फरशीवर उभी केली, हातब्रेक ओढला व मागील चाकांना लांकडी ठोकळे लावले. पुढील भाग जॅकनें उचलून लगेच लोखंडी घोड्यांवर टेकविला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर कोणीहि गाडीखालीं शिरूं नये; जॅक निसटला म्हणजे विचार करावयास वेळ मिळत नाहीं. आणखी एक गोष्ट: तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो कीं नाहीं, तें आधीं पाहावें. तो गंजून बसला असेल आणि आपण खालचा बोल्ट काढून पेटी रिकामी केली, तर ना जुनें तेल ना नवें, अशी गाडी दारांत उभी राहते. इंजिनाचा बोल्ट व गिअरच्या पेटीचा बोल्ट शेजारीं-शेजारीं असतात. आम्ही इंजिनाच्याच बोल्टास पाना लावला होता. दादांनीं पुस्तिकेंतील चित्र पुढें धरल्यामुळें वांचलों.

नवें तेल तांबडें लाल असतें. आमचें निघालें तें विटकरी-तपकिरी रंगाचें, परंतु जळका वास नव्हता. बोल्टावरील लोहचुंबकास करड्या रंगाचा मऊ लेप चिकटला होता, तेवढा असावयाचाच. धातूचे चमकते तुकडे दिसले, किंवा तेलाला करपट घाण येऊं लागली, तर चकत्या झिजल्या असें समजावें. नवें तेल झिजलेली चकती भरून काढीत नाहीं.

आम्ही नवें तेल ओतणार तोंच दादा म्हणाले, "आधीं किती निघालें तें मोज. आणि थंड होऊं दे, गरम तेल फुगलेलें असतें." बंधूंचा उभा जन्म हिशेबनिसाच्या नोकरींत गेला, तो येथें उपयोगी पडला. थंड झाल्यावर बरोबर अडीच लिटर भरलें. तेवढेंच, पुस्तिकेंत नांव दिलेल्या जातीचें नवें तेल घातलें. कमी पडलें तर पंप हवा ओढतो. अधिक झालें तर फिरती चाकें तेल घुसळून फेंस करतात. दोहोंचा परिणाम एकच, दाब पडतो व गिअर घसरतो. बोल्टास नवें वॉशर लावून तो बेताबेतानें आवळला, कारण पेटी अॅल्युमिनियमची असते व फाजील जोरानें तिचे आटे जातात. मग गाडी खालीं घेऊन, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक खांचेंत क्षणभर फिरविला व मोजपट्टीवर पातळी पाहिली. ती इंजिन चालू ठेवून पाहावयाची कीं बंद करून, हें गाडीगणिक निराळें असतें.

पुस्तिकेप्रमाणें पेटींत एकंदर सहा लिटर तेल मावतें. मग अडीचच कसें निघालें? उरलेलें साडेतीन लिटर त्या पात्यांच्या डब्यांत व नळ्यांत अडकून राहतें. म्हणजे एका खेपेनें जुनें तेल शेंकडा ५८ उरलें. गाडी कांहीं दिवस चालवून पुन्हा तसेंच केलें कीं ३४ उरतें, तिसऱ्या खेपेस २०. यंत्राच्या दाबानें एकदमच सर्व तेल बदलून देणारीं दुकानें आहेत. परंतु पुष्कळ दिवस दुर्लक्षिलेल्या पेटींत हा जोर करण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

ज्या गाड्यांना मोजपट्टीच नसते व तेलाचें उष्णमान पाहून पातळी ठरवावी लागते, त्या वाचकांनीं घरीं उघडूं नयेत. पट्ट्यावर चालणाऱ्या, म्हणजे सीव्हीटी, पेटीचें तेल निराळें असतें. अलीकडे लहान गाड्यांत जी एएमटी पद्धत आली आहे तींत साधाच गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचें व गिअर बदलण्याचें काम यंत्र करतें, म्हणून आमचें हें लाल तेल तिच्या उपयोगाचें नाहीं. एकाचें तेल दुसऱ्यांत घातलें तर गिअरबॉक्सचा तो आंकडा पुन्हा ऐकावा लागेल.

निघालेलें तेल वाळवीवर ओतण्याची जुनी चाल आहे, गटारांत ओतण्याची त्याहून वाईट. गटार शेवटीं मुठेस मिळतें. आम्हीं तें डब्यांत भरून, जळकें तेल गोळा करणाऱ्याकडे जेथून जातें अशा एका गॅरेजांत दिलें.

पहिल्या खेपेनें धक्का गेला नाहीं; कमी झाला. दीड महिन्यानें दुसरी खेप केली, तेव्हांचें तेल बरेंच उजळ निघालें, आणि आतां फक्त फार थंडी असली तरच गाडी मागें घेतांना किंचित् अडखळते. तिसऱ्या खेपेचें तेल आणून ठेवलें आहे. दादा मात्र त्यासाठीं थांबले नाहींत. गेल्या शनिवारीं ते वाईस गेले, आणि घाट चढून गेल्यावर त्यांचा फोन आला कीं गिअर न कुरकुरतां पडले.