जो ओरडतो, तो श्वास घेतोय

सर्वप्रथम एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायला सांगितलं तेव्हा घामच फुटला. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात, उरलेल्या तुम्ही पोटात घालाव्यात! पण विषयच असा आहे की लिहिल्याशिवाय राहवेना.

गेल्या सेमिस्टरला एनएसएसतर्फे आम्ही वीस जण एका हॉस्पिटलच्या मॉक ड्रिलला गेलो होतो. बस उलटली आहे असं समजायचं आणि आम्ही तिच्यातले जखमी. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. माझ्या कार्डावर होतं, 'मनगट मोडलंय. चालता येतं. खूप ओरडा.' ओरडण्यात मी कमी नाही, हे आमच्या विंगला माहीत आहेच. माझ्या रूम पार्टनरच्या कार्डावर होतं, 'श्वास मिनिटाला 36. बोलू नका, उठू नका.' ती पार्किंगमधल्या खांबाशेजारी गपचूप पडून राहिली.

मी अशी काही बोंब ठोकली की दोन सिस्टर, एक इंटर्न आणि वॉर्डबॉय धावत आले. स्ट्रेचर मिळालं, हाताला फळी लागली. रूम पार्टनरपाशी पहिला माणूस पोचला तो 14 मिनिटांनी. शेवटी निरीक्षक डॉक्टरांनी वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. तिची नोंद आली तेव्हा ते म्हणाले, "ही पेशंट बहुतेक गेली असती." तोपर्यंत आम्ही खिदळत होतो. मग कुणीच हसलं नाही.

मला प्रश्न पडला, एवढी शिकलेली माणसं चुकली कशी? खरं तर ती त्यांच्या रोजच्या सवयीप्रमाणेच वागली होती. एरवी कॅज्युअल्टीत एक पेशंट येतो आणि त्याच्याभोवती चार जण उभे राहतात. आपत्तीत हेच गणित उलटं होतं. माणसं चारच आणि पेशंट चाळीस! आपल्या मेसमध्ये जो जास्त आरडाओरडा करतो त्याला पोळी आधी मिळते. बाकीच्यांची फार तर पोळी थंड होते. इथे मात्र जीव जातो.

म्हणून आधी पेशंटची निवड करायची. याला 'ट्रायेज' म्हणतात. शब्द मूळ फ्रेंच, अर्थ निवडणं, वर्गवारी करणं. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डॉमिनिक लारे जखमीचा हुद्दा न बघता जखम किती गंभीर आहे हे बघून उपचार करायचा, तिथपासून ही कल्पना चालत आली. 1983 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे एका हॉस्पिटलने आणि फायर ब्रिगेडने मिळून तिची सोपी पद्धत बसवली. तिचं नाव 'स्टार्ट'. एका पेशंटला जास्तीत जास्त एक मिनिट द्यायचं. फ्लोचार्ट काढावा इतकी ती सरळ आहे.

आधी मोठ्याने सांगायचं, ज्यांना चालता येतं त्यांनी त्या बाजूला जा. ते सगळे हिरवे. उरलेल्यांत, श्वास चालू नाही? मान नीट करून श्वासमार्ग मोकळा करायचा. श्वास आला तर लाल, नाही आला तर काळा. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त? लाल. मनगटाची नाडी लागत नाही? लाल. 'माझा हात दाब' म्हटलेलं समजत नाही? लाल. यातलं काहीच नाही, तर पिवळा, म्हणजे थोडा वेळ थांबू शकतो. या फेरीत श्वासमार्ग मोकळा करणं आणि जोराचा रक्तस्राव थांबवणं, एवढेच उपचार करायचे. रंग कायमचा नसतो, पुन्हापुन्हा तपासावा लागतो.

वाचायला पाच मिनिटं लागतात. मग ट्रेनिंग कशाला? काळ्या रंगासाठी. एरवी ज्या माणसासाठी डॉक्टर घाम गाळून छाती दाबत बसतात, त्याला आपत्तीत चिठ्ठी बांधून पुढे जायचं असतं, कारण त्या वेळात शेजारचे दोन लाल वाचू शकतात. आमची इंटर्न ताई सांगत होती, "समोर पोरगा हसत पडला होता, तरी काळी चिठ्ठी बांधताना माझा हात थरथरला." हा हात पहिल्यांदा खऱ्या अपघातात थरथरू नये, म्हणून ड्रिल.

दुसरी गोष्ट हॉस्पिटलबाहेरची. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये 11 मिनिटांच्या आसपास सात स्फोट झाले, 180 हून जास्त माणसं गेली. रुळांजवळच्या लोकांनी मिळेल त्या वाहनाने जखमींना हलवलं. त्यांच्या माणुसकीला तोड नाही. पण अशा वेळी सगळे एकाच जवळच्या हॉस्पिटलकडे धावले, तर किरकोळ जखमी आधी पोचतात आणि खाटा अडवतात. 15 एप्रिल 2013 ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. जागेवर तीन माणसं गेली. अडीचशेहून जास्त जखमी वेगवेगळ्या हॉस्पिटलांत वाटून पाठवले गेले आणि हॉस्पिटलपर्यंत पोचलेला प्रत्येक जण वाचला. नशीब होतंच, पण तिथल्या लोकांनी आधी अनेकदा सराव केला होता.

आपल्याकडे 2005 साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, 2007 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने वैद्यकीय तयारीची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण कागद खांबामागे जाऊन बघत नाही, माणसाला जावं लागतं. म्हणून ट्रेनिंग फक्त डॉक्टरांना देऊन भागत नाही. सिस्टर, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन, सगळ्यांना आपलं काम पाठ हवं.

त्या दिवशी दुपारी तेच ड्रिल पुन्हा झालं. या वेळी सिस्टरांनी आधी घोषणा केली. मी बोंबलत बोंबलत झाडाखाली गेले, हिरवी चिठ्ठी मिळाली आणि नंतर बराच वेळ मला कुणी विचारलंसुद्धा नाही. रूम पार्टनरपाशी तीन मिनिटांच्या आत माणूस पोचला. एक सिस्टर जाता जाता मला म्हणाल्या, "बाळा, तू ओरडतेस म्हणजे श्वास घेतेस. मला आधी गप्प असलेल्यांकडे जाऊ दे."

पुढच्या सेमिस्टरला पुन्हा ड्रिल आहे आणि पेशंट कमी पडताहेत. नावं एनएसएसच्या नोटीस बोर्डावर लिहा. ओरडणारे आपल्या हॉस्टेलमध्ये भरपूर आहेत. गप्प पडून राहणारे चार-पाच जण हवे आहेत.