प्रत्येक वायफायला तुमचा फोन वेगळा पत्ता का सांगतो?

२०१३ साली लंडनच्या सिटी भागातल्या काही कचराकुंड्या बातम्यांत झळकल्या. त्यांत बसवलेली यंत्रणा जवळून जाणाऱ्या फोनची नोंद ठेवत होती. त्यासाठी ना कुठलं ॲप लागत होतं, ना परवानगी. खिशातल्या फोनचं वायफाय सुरू असणं पुरेसं होतं. बोभाटा झाल्यावर स्थानिक प्रशासनाने हा प्रकार थांबवायला सांगितलं.

हे शक्य झालं मॅक ॲड्रेसमुळे.

मॅक ॲड्रेस म्हणजे काय?

वायफाय आणि ब्लूटूथ, दोन्हींत उपकरणाला ४८ बिटचा पत्ता लागतो. तो ० ते ९ आणि ए ते एफ वापरून १२ खुणांत लिहितात. साधारणपणे पहिल्या ६ खुणा कंपनीच्या असतात, त्या आयईईई ही संस्था देते. उरलेल्या ६ कंपनी ठरवते. दोन उपकरणांचे पत्ते सारखे येऊ नयेत, हा हेतू.

पण वायफाय शोधताना फोन हा पत्ता उघडपणे हवेत पाठवतो. पत्ता कायमचा असेल, तर तो तुमची ओळखच बनतो.

इंटरनेटवर काय?

तिथे आयपी ॲड्रेस चालतो. जुने ३२ बिटचे सुमारे ४३० कोटी पत्ते कमी पडू लागले, म्हणून १२८ बिटचा आयपीव्ही६ आला. त्याच्या शेवटच्या ६४ बिटमध्ये मॅक ॲड्रेस घालायची पद्धत होती. म्हणजे घर बदला नाहीतर शहर, मागचा भाग तोच! २००१ मध्ये त्यावर बदलत्या, तात्पुरत्या पत्त्यांचा तोडगा आला.

मग फोनने काय केलं?

मॅक ॲड्रेसमध्ये एक बिट 'हा पत्ता कंपनीने दिलेला नाही' हे सांगण्यासाठीच असतो. त्याचा वापर करून अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता तयार करू लागले.

तुमच्या फोनचं तपासायचंय? सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर जाऊन पत्ता बघा. त्यातली दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता कंपनीने दिलेला नाही.

मात्र घरच्या राउटरवर ठरावीक मॅक ॲड्रेसनाच प्रवेश असेल, तर नव्या पत्त्याचा फोन बाहेरच राहतो. आणि एखाद्या ॲपमध्ये लॉगिन केलंत, तर पत्ता कितीही बदलला तरी ते ॲप तुम्हाला ओळखतंच.